कंदिल्या कुठं निघाला होता?

प्रिय अक्का,

शेतापलीकडच्या घराला कुणी पत्र लिहितं का? तू असतीस तर म्हणाली असतीस, "तम्मा, बांधावर येऊन हाक मार की! कागद कशाला नासतोस?" पण आता हाक पोचेल इतक्या अंतरावर तू राहिली नाहीस, आणि मला आज बांधापर्यंत चालवतही नाही. दोन्ही गुडघ्यांना खोबरेल चोपडून ओसरीवर पाय पसरून बसलोय. शाळेत रजेचा अर्ज धाडलाय. कारण लिहिलंय, 'पडल्यामुळे'. किती वेळा पडलो ते लिहिलेलं नाही. मुख्याध्यापक सज्जन आहेत, त्यांना उगाच धक्का नको.

काल शिमग्याची सोंगं निघाली. निघाली, अक्का! गंज्या निघाला, आरसेबाई निघाली, आणि तुझा लाडका कंदिल्याही निघाला. ज्या बाईनं ही मंडळी जन्माला घातली, तिलाच बातमी नसावी हे बरं दिसत नाही. म्हणून हे पत्र.

पण आधी आपलं जुनं भांडण. आता तू मध्येच तोंड घालू शकत नाहीस, ही संधी मी थोडीच सोडणार?

तुला आठवतं ना, गणेशगुडीला धरणाचं काम चाललं होतं तेव्हा तिथल्या कॉलनीत कुठून कुठून आलेले साहेब लोक राहायचे. एका साहेबाची बदली झाली आणि त्याच्या घरची रद्दी रामनगरच्या किराणा दुकानात येऊन पडली. दुकानदार त्यात चटणीपूड बांधून द्यायचा. तू जिरं आणायला गेलीस आणि पुडीच्या कागदावर तुला एक माणूस दिसला. अंगात काळा झगा, आणि डोक्याच्या जागी कंदिलाची काच. आत ज्योत! तू जिरं तिथंच ओतलंस आणि विचारलंस, "ह्याचं म्होरचं पान कुठं हाय?" दुकानदाराला वाटलं, पोरगीला ऊन लागलं. शेवटी एक फणस देऊन तू तो अख्खा गठ्ठा डोक्यावर घेऊन आलीस. आईनं जिरं विचारलं. जिरं दुकानातच राहिलं होतं.

ती चित्रांची पुस्तकं तेव्हाच आपल्यापेक्षा म्हातारी होती. परदेशात ते उडणारे, छातीनं भिंती फोडणारे वीर नुकतेच जन्माला आले होते, त्या काळातली. साहेबाच्या बापानं लहानपणी जमवली असावीत. जवळून बघितलं तर नुसते लाल-पिवळे ठिपके, हात लांब केला की त्या ठिपक्यांतून एक दुष्ट माणूस आपल्याकडं बघून हसायचा. इंग्रजी आपल्या दोघांनाही येत नव्हतं. आणि शेवटची पानं चटणीपुडीबरोबर गावोगाव गेली होती. त्यामुळे आपल्याकडं एकही गोष्ट संपली नाही.

तू नुसती चित्रं वाचलीस. आणि काय वाचलंस!

"तम्मा, ह्यो बघ. ह्याचं स्वतःचं यंत्र हाय, हाताखाली माणसं हायत, भिंतीवर नकाशा लावलाय. कामाचा गडी हाय. आन् ह्यो दुसरा? ना घर, ना शेत. आभाळातनं येतो, भिंत फोडतो, यंत्र मोडतो, हसत निघून जातो. आता सांग, ह्यातला वाईट कोण?"

मी तेव्हा चड्डीतला. तू म्हणशील ते ब्रह्मवाक्य. पुढं मला संस्कृत पाठशाळेत घातलं आणि मी शेंडीसकट शहाणा होऊन सुट्टीला घरी आलो. तोवर तुझं लग्न झालं होतं. लग्न म्हणजे काय, ओढा ओलांडून समोरच्या घरात गेलीस, जाताना तो गठ्ठाही घेऊन गेलीस. मी तुझ्या चुलीसमोर बसून तुला सुधारायला घेतलं.

"अक्का, अगं हा नायक नव्हे. शास्त्रात ह्याला प्रतिनायक म्हणतात. लक्षणं ऐक. लोभी, गर्विष्ठ, उतावीळ."

"उतावीळ?" तू नाचणीची भाकरी तव्यावर उलटलीस. "एवढं मोठं यंत्र उतावीळ माणसाच्या हातनं हुतंय व्हय रे?"

"शिवाय बघ, बोलतो केवढा! अर्ध्या चित्रात ह्याचं बोलणंच भरलंय. आपला सगळा बेत शत्रूलाच समजावून सांगतोय. असं करणारा खलनायकच असतो."

"मास्तरबी तसंच करत्यात की. तासभर."

तेव्हा मी मास्तर झालो नव्हतो, म्हणून मी मोठ्यानं हसलो. तो टोमणा तू कितीतरी वर्षं जपून ठेवलास आणि मला नोकरी लागल्याच्या दिवशी पेढ्याबरोबर परत दिलास. असं वागावं का धाकट्या भावाशी?

तरी त्या सगळ्यांत कंदिल्याचं प्रकरण वेगळं होतं. त्याची गोष्ट मला आजही पान न पान आठवते. मोठं शहर, उंच उंच घरं, खिडक्या-खिडक्यांत दिवे. कंदिल्या गच्चीवर उभा राहतो आणि एकेक दिवा विझत जातो. सगळा उजेड नळीतून ओढला जाऊन त्याच्या काचेत येतो. मग तो शहराबाहेर पडतो. लांबलचक रस्ता, पलीकडं डोंगर, आणि डोंगराच्या दिशेनं चाललेला तो एकटा, डोक्यात अख्ख्या शहराचा उजेड घेऊन. तिथं पान फाटलेलं.

"कुठं निघालाय गं, अक्का?" मी विचारलं होतं.

"आपल्याकडं. दुसरं कुठं जाईल? शहरात एवढी लाईट हाय, आपल्याकडं घासलेटची चिमणी. न्हेऊ दे की थोडी!"

खरंच होतं ते. धरण आपल्या तालुक्यात, आणि तारा आपल्या डोक्यावरून तडक शहराला. कावळे बसायचे त्यांच्यावर. उजेड काही खाली उतरत नव्हता. दर वर्षी मी तुला डिवचायचो, "काय अक्का, आला का तुझा कंदिल्या?" तू शांतपणे म्हणायचीस, "वाट चुकला असंल. रान केवढं हाय आपलं."

शिमग्याला गावात सोंगं पूर्वीपासूनच निघत. वाघ, अस्वल, टोपीवाला साहेब, ठरलेली मंडळी. बायकांनी सोंग घ्यायचं नाही हाही ठरलेला नियम. तू सोंग घेतलं नाहीस, तू सोंगं केलीस. चिकणमातीवर रद्दीचे थर, तांदळाची खळ, कडेला बांबूच्या पट्ट्या. पहिला गंज्या. हात लावील ते लोखंड गंजवणारा तो पुस्तकातला माणूस. तू म्हणालीस, "ह्याची भीती परदेशात. आपल्या जोयड्याच्या पावसात सगळ्यांचंच लोखंड गंजतंय, ह्यो आपल्यातलाच." मग फुटक्या आरशांचे तुकडे चिकटवलेली आरसेबाई. दारात आली की घरातल्या बाया घाबरण्याऐवजी तिच्यात बघून कुंकू सारखं करायच्या! आणि कंदिल्या. खऱ्या कंदिलाची काच, त्यात बॅटरीचा दिवा, खाली कागदाचा चेहरा.

नियमही तूच बसवलेस. मुखवटा चढवला की बोलायचं नाही. का? "त्यांचं लिवलेलं मला वाचता येत न्हाई, मग त्यांनी कशाला बोलावं?" शिवाय दर दारात हरायचं. घरातलं पोर तांब्याभर पाणी अंगावर फेकून ओरडणार "पड!" आणि सोंग धाडकन पडणार. घरच्यांनी नारळ द्यायचा, मूठभर तांदूळ द्यायचे, आणि सोंगानं उठून पुढच्या दारात पुन्हा ताठ उभं राहायचं. हेही त्या गठ्ठ्यातूनच आलेलं. एका पुस्तकात तो कड्यावरून खाली पडतो, दुसऱ्यात नवा झगा घालून हजर. तुला त्याचं केवढं कौतुक! "पडतोय, पर बसून राहत न्हाई," म्हणायचीस.

फक्त तुझ्या दारात पडायचं नाही. तुझं घर शेवटचं. तिथं तू पाणी फेकू द्यायची नाहीस. कंदिल्याला अंगणातल्या कट्ट्यावर बसवायचीस आणि गूळ घातलेलं बिरंडाचं, म्हणजे कोकमाचं, लालभडक सरबत द्यायचीस. मुखवटा काढायचा नाही, मग पिणार कसं? हनुवटीखाली भोक ठेवलेलं होतंस, त्यातून पपईच्या देठाची नळी! "दिसभर हरून आलाय," म्हणायचीस, "घटकाभर बसू दे."

न्यायानं लिहायचं तर एका वादात मी जिंकलो होतो, हे विसरू नकोस. बाटली डाक्टर. हिरव्या बाटलीत ज्याचं डोकं तरंगायचं तो. त्याचा मुखवटा तू किती हौसेनं केलास! मी तुला एक चित्र दाखवलं, ज्यात तो नदीत काहीतरी ओतत होता आणि खाली मासे उलटे झाले होते. तू ते चित्र चुलीच्या उजेडात खूप वेळ बघितलंस. मग म्हणालीस, "पाण्यात इख घालतोय व्हय? मग ह्यो माझा न्हवं." त्याला भिंतीकडं तोंड करून टांगलंस आणि तो पुन्हा कधी अंगणात उतरला नाही. मला मात्र तू आठवडाभर ताक दिलं नाहीस. जिंकलेल्या माणसाला अशी वागणूक!

आणि वाडीवर पहिला दिवा लागला तो दिवस? मी खांबावर चढलेल्या माणसांना चहा नेऊन देत होतो. तू माळ्यावर चढली होतीस. कंदिल्याला खाली काढून त्याच्यापुढं नारळ ठेवत होतीस.

"आला बघ, तम्मा!"

"अक्का, अर्जांवर सह्या आम्ही केल्या होत्या."

"आर्ज तुमी केलासा. लाईट त्यानं आणली."

त्याच संध्याकाळी वीज गेली. सगळं गाव हळहळलं. तू दाराच्या उंबऱ्यावर बसून अंधाराला म्हणालीस, "घर गावलं न्हाई त्याला. नुसता डोकावून गेला." मी हसलो. तू हसली नाहीस.

तर आता कालचं.

तू गेलीस तीही मळणी उरकून, कोठीत भात भरून. कुणाची अडचण करायची नाही, ही तुझी खोड शेवटपर्यंत गेली नाही. मधल्या दिवसांबद्दल मी लिहिणार नाही. एवढंच सांगतो, विवाहित बहिणीचं सुतक भावाला तीन दिवस. लग्न झालं की बहिणीचं गोत्र बदलतं. हे मी स्वतः पाठ केलेलं, लोकांना सांगितलेलं. चौथ्या दिवशी दाढी करून शाळेत गेलो, फळ्यावर 'देवः देवौ देवाः' लिहिलं आणि पुढचं रूप आठवेना. शास्त्रानं तुझ्यामाझ्यात तीनच दिवसांचं नातं शिल्लक ठेवलं होतं, अक्का. शास्त्रावर मी एवढा कधी रागावलो नव्हतो.

शिमगा जवळ आला तसे भिकूआण्णा माझ्या ओसरीवर आले. गावातला वडीलधारा माणूस, बरोबर ढोलवाले दोघे.

"मास्तर, ह्या वर्सी सोंगं न्हाईत."

"का?"

"का म्हंजे? मुखवटे कुणाच्या घरात? तुमच्या अक्काच्या. त्या घराला वरीसभर सण न्हाई. सण न्हाई त्या घरातनं सोंग कसं भाईर पडंल?"

"मग पुढच्या वर्षी."

आण्णांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. मग म्हणाले, "एक वरीस खंड पडला की सोंगं परत निघत न्हाईत, मास्तर. पलीकडल्या वाडीचं बघितलंय मी. पोरांनी त्या वर्सी मोठ्ठे स्पीकर आणले, आन् वाघाचं तोंड उंदरांनी खाल्लं. कागदाची तोंडं ती. उन्हात न्हाई आली तर ऱ्हात्यात व्हय?"

आणि मग तो प्रश्न, ज्यासाठी ते आले होते. "तुमी एवढं शिकलासा. शास्त्रात काय वाट हाय का बघा की."

गावाला वाटतं, संस्कृत येणाऱ्या माणसाच्या पोटात सगळं शास्त्र असतं. मी शाळेत विभक्ती शिकवतो! खलनायकांना सुतक लागतं का, हे मला कुणी शिकवलेलं नव्हतं. पण त्या क्षणी पहिल्यांदा मला ते तीन दिवस उपयोगाचे वाटले. मी घसा साफ केला. खलनायकासारखं लांबलचक बोललो, हे कबूल. सारांश असा: ह्या सोंगांना कूळ नाही, गोत्र नाही, ती परदेशातून चटणीच्या पुडीत आलेली, तेव्हा त्यांना कुणाचंच सुतक नाही. अडचण आहे ती घराची. माझं सुतक केव्हाच फिटलंय. मुखवटे माझ्या घरी आणू, सोंगं माझ्या ओसरीवरून निघतील.

"हे शास्त्रात हाय?" एका ढोलवाल्यानं विचारलं.

"आता आहे," मी म्हणालो.

आण्णांनी माझ्याकडं निरखून बघितलं. "अक्काचाच भाऊ तुमी," म्हणाले. इतक्या वर्षांच्या नोकरीत एवढं मोठं प्रशस्तिपत्र मला कुणी दिलेलं नाही.

संध्याकाळी तुझ्या घरी गेलो. मंगल भात पाखडत होती. तुझी ही सून खानापूरकडची, लग्न होऊन आली तेव्हा माळ्यावरचे मुखवटे बघून रडली होती, आठवतं? आता तिनंच ते एकेक करून खाली काढले. गंज्या दिला. आरसेबाई दिली, आरसे पदरानं पुसून. कंदिल्या मात्र पोटाशी धरून उभी राहिली.

"मामा, ह्यो न्हाई."

"अगं, कंदिल्याशिवाय सोंगं म्हणजे..."

"आत बघा."

तिनं मुखवटा उलटा केला. पाऊस संपला की बुरशी खरवडून तू दर वर्षी आतबाहेर कागदाचा नवा थर द्यायचीस. हा थर तू जाण्याच्या आधी आठ-दहा दिवसांचा. बाहेरून घासून गुळगुळीत केलेला, आतून तसाच. आणि आत खळीत तुझी बोटं उमटलेली होती, अक्का. कपाळाच्या जागी चार, दोन्ही गालांवर अंगठे. जणू कुणाचा तरी चेहरा दोन्ही हातांत धरलायस.

"आत्यांची बोटं हायत," मंगल म्हणाली. "कुणाच्या बी घामानं इरघळून जातील. सोंगं निघू देत न्हाईतर ऱ्हाऊ देत. ह्यो मी देणार न्हाई."

तिचंही बरोबर होतं. कंदिल्याशिवाय सोंगं निघाली तर ती तुझी राहणार नव्हती, आणि कंदिल्या निघाला तर तुझी बोटं राहणार नव्हती. मी कट्ट्यावर बसून राहिलो. कोंबड्या आत गेल्या तरी बसून राहिलो.

शेवटी तीच बाहेर आली. "मामा, एक बोलू? तुमीच घाला. तुमच्या घामानं गेली तर घरातल्या घरात गेली."

तू मला किती वर्षं म्हणत होतीस, "तम्मा, एकदा सोंग घे. तेवढंच तुझं तोंड बंद." मी म्हणायचो, मास्तर माणसाला शोभत नाही. आणि बघ, तू नसताना सुनेकडून काम करून घेतलंस! खलनायकांचे बेत उधळले जातात असं मी शिकवत आलो. तुझा एकही बेत कधी उधळला गेला नाही.

काल सकाळी मुखवटा चढवला. कपाळावर तुझी बोटं टेकली. आतला वास खळीचा आणि तुझ्या चुलीच्या धुराचा. मी आतल्या आत एकच शब्द बोललो, तो नियमात बसतो असं समज.

पहिल्याच दारात पोरगं ओरडलं "पड!" आणि मी शास्त्रोक्त सावकाश खाली बसलो. ढोलवाला कानाशी येऊन म्हणाला, "मास्तर, पडा! हे तर पाटावर बसल्यासारखं झालं." दुसऱ्या दारात पडलो. तिसऱ्यात नीट पडलो. चौथ्या दारापर्यंत वाडीभर बातमी गेली होती की काचेखाली मास्तर आहेत, आणि माझे विद्यार्थी तांबे नव्हे, घागरी भरून उभे राहिले. तू असतीस तर पोट धरून हसली असतीस. एक कार्टं दारात उभं राहून गंभीर चेहऱ्यानं म्हणतं, "देवाय म्हणजे पंचमी ना?" मी मूठ आवळली. "आणि देवेन म्हणजे सप्तमी?" दोन्ही चूक, अक्का, आणि मला बोलता येत नव्हतं! मी नुसती मान हलवली, काच खडखडली, आणि "पड!" तेवढा एक पडलो तो खरोखर रागानं.

पण एक सांगू? प्रत्येक दारातून उठताना एखादी म्हातारी, एखादा गडी, कुणी ना कुणी हळूच म्हणायचं, "अक्काचा कंदिल्या." कुणी 'मास्तर' म्हणालं नाही. पुढच्या दारात जाऊन मी आदल्यापेक्षा ताठ उभा राहायचो. इतका ताठ मी पदवीच्या समारंभातही उभा नव्हतो. छातीच फुगली होती, खोटं कशाला लिहू?

दिवस कलता कलता तुझ्या बांधापाशी आलो. फणसाखाली ढोल थांबले. आण्णांनी काठी आडवी धरली. "हितनं माघारी. सुतकाचं घर हाय. हिकडं सोंग जात न्हाई."

बरोबर होतं त्यांचं. माझ्याकडं उत्तरही होतं, चांगलं चार वाक्यांचं, पण तुझ्या नियमानं तोंड बंद. मग मी काय केलं? चाललो. काठीला वळसा घालून बांधावरून सरळ तुझ्या अंगणात. मागं कुणीतरी "मास्तर!" म्हणून हाक मारली. कंदिल्याला मास्तर म्हटलेलं कळत नाही.

दारात मंगल. तिच्या पदराआडून तुझी नात. गुलाल नाही, नारळ नाही, तोरण नाही. मी अंगणाच्या मध्यभागी उभा, डोक्यात दिवा, अंगातून पाणी गळतंय. मंगल बघत राहिली, मी बघत राहिलो. मला वाटलं, चुकलं. आता हिनं दार लावलं तर काय?

तिनं दार लावलं नाही. आत गेली. बाहेर आली तेव्हा तिच्या हातात स्टीलचा पेला होता, आणि पेल्यात पपईचा देठ.

"सण न्हाई आमचा," ती मोठ्यानं म्हणाली, फणसापर्यंत ऐकू जाईल अशी. "पर दमून आलेल्याला पाणी द्यायला सुतक आडवं येत न्हाई. बस, बाबा."

मी कट्ट्यावर बसलो, तुझ्या जागेशेजारी. बिरंडाचं सरबत, गूळ जरा कमी. (तिला सांगतो.) पहिला घोट घेतो तोच तुझी नात रांजणातून तांब्या भरून आली. दिवसभर लांबून सगळ्या घरांचं "पड! पड!" ऐकत बसली होती बिचारी. दोन्ही हातांनी तांब्या उचलला.

मंगलनं तिचा हात धरला. "हितं न्हाई, बाळा. हितं त्यो पडत न्हाई."

"का?"

"हितं त्यो घरी आलाय."

पोर माझ्या अगदी जवळ आली. टाचा उंचावून काचेत बघितलं. ऊन गेलं होतं, त्यामुळे आतला दिवा आता खरा दिसत होता. तिच्या नाकाच्या शेंड्यावर त्याचा पिवळा ठिपका पडला होता, त्या जुन्या पुस्तकांतल्या ठिपक्यांसारखा.

"आये, ही लाईट कुठनं आणली त्यानं?"

"शहरातनं," मंगल म्हणाली. "चोरून."

"सगळी आपल्यासाठी?"

आणि अक्का, मी, जो आयुष्यभर तुला खलनायकाची लक्षणं सांगत आलो, त्याच मी तुझ्या कट्ट्यावर बसून अगदी जोरात मान हलवली. होय म्हणून. काच पुन्हा खडखडली. फणसाखालून ढोलवाल्यानं एकच टिपरू हळूच चामड्यावर टेकवलं. आण्णांनी त्याच्याकडं बघितलं, पण काठी उचलली नाही.

मुखवटा काढला तो घरी येऊन, दार लावून. कपाळावरची बोटं माझ्या घामानं पुसट झालीत. गालावरचे अंगठे आहेत अजून. आज सकाळी उन्हात वाळवला आणि मंगलला परत देऊन टाकला, एका पोराच्या हाती, कारण गुडघे.

आता शब्द देतो, आणि पडण्यात कच्चा असलो तरी शब्दाला कच्चा नाही. पुढच्या वर्षी तुझ्या घराचं वर्ष सरलेलं असेल. सोंगं तुझ्याच माळ्यावरून उतरतील. पावसानंतरचा नवा थर मंगल देणार आहे, आतून घासायचा नाही आणि तुझे अंगठे झाकायचे नाहीत असं ठरलंय. तिच्या बोटांशेजारी तुझ्या नातीचीही बोटं उमटतील. बाटली डाक्टर भिंतीकडंच तोंड करून राहील. कंदिल्या मी घालीन, गुडघे चालतात तोवर. गावभर प्रत्येक दारात पडेन, पाटावर बसल्यासारखा नव्हे, धाडकन. वर्गात प्रतिनायकाची लक्षणं शिकवताना लोभी आणि गर्विष्ठ एवढंच सांगेन. उतावीळ हा शब्द गाळलाय, पोरांना कारण सांगणार नाही.

आणि कुणी विचारलं, त्या फाटलेल्या पानानंतर तो माणूस डोंगराकडं कुठं निघाला होता, तर मला आता ठाऊक आहे. मी स्वतः गेलोय त्याच्याबरोबर.

तुझा,
शास्त्राप्रमाणे तीन दिवसांचा,
तम्मा